निर्जंतुक बाटलीतलं विरजण

सासूबाईंना सांगायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं. पुढचं सगळं आपोआप घडत गेलं, आणि ते लिहिताना आजही माझे कान तापतात.

न सांगण्यासारखं होतं तरी काय, तर लघवीची जळजळ. आमच्या तीर्थपुरीत तिला 'उन्हाळी लागली' म्हणतात, पण तेही पुरुषांच्या बाबतीत. पुरुषाला उन्हाळी लागली की तो चहाच्या टपरीवर सांगतो आणि चौघं जण त्याला धने-जिऱ्याचं पाणी सुचवतात. बाईला लागली की ती ओठ आवळून भाकरी थापत राहते. मला आठ महिन्यांत ती तिसऱ्यांदा लागली होती. म्हणजे आठ महिने माझ्या भाकऱ्या अधूनमधून वाकड्या येत होत्या, आणि घरात सगळ्यांचा समज असा की शिकलेल्या पोरींच्या भाकऱ्या अशाच असतात.

(शिकलेली म्हणजे बी.एस्सी., सूक्ष्मजीवशास्त्र. सेकंड क्लास. क्लास सासरी कुणी विचारला नाही आणि मी आपण होऊन सांगितला नाही.)

जंतूंवर दहा-दहा मार्कांची उत्तरं लिहिलेली बाई मी, पण घरात तो विषय काढायला जीभ उचलेना. नवऱ्याला, म्हणजे बद्रीनाथला, सांगायचा प्रयत्न केला. "पोटात खाली दुखतंय" इथपर्यंत पोचले. त्यांनी तत्परतेनं ओवा आणून दिला. दोन दिवस ओवा चावला आणि मग शरयूच्या लसीकरणाचं निमित्त करून अंबडला लेडी डॉक्टरकडे गेले.

"लघवी अडवून धरता का?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"पाणी पिता?"

"भरपूर."

दोन्ही खोटं. पाणी प्यायलं की जावं लागतं. आमचा संडास अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, आणि अंगणात बरोबर मध्यावर मामंजींची खाट. मामंजी फार सभ्य माणूस. मी हातात बादली घेऊन निघाले की ते अदबीनं भिंतीकडे तोंड फिरवतात. त्यांनी तोंड फिरवलं की समोरच्या ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना कळतं, तृप्ती चालली. त्या सभ्यपणाच्या धाकानं मी सकाळी सातला जाऊन आले की थेट दुपारी, मामंजी घोरायला लागल्यावर जायची.

मॅडमनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मग गोळ्या लिहून देता देता सांगायला लागल्या. "आपल्या अंगात चांगले जंतूही राहतात. दह्यातल्या जंतूंच्याच कुळातले. ते आम्ल तयार करतात, जागा धरून बसतात, म्हणून त्रास देणाऱ्या जंतूंना चिकटायला जागा मिळत नाही. अँटिबायोटिकनं वाईटांबरोबर हे चांगलेही मरतात. म्हणून ही प्रोबायोटिकची कॅप्सूल देतेय. पण तिचा किती उपयोग होतो, यावर अजून अभ्यासच चालू आहेत. तिच्या भरवशावर राहू नका. पाणी प्या आणि वेळच्या वेळी जा. कोर्स संपल्यावर आठ दिवसांनी लघवीचं कल्चर करू. त्यात परत जंतू वाढले तर सोनोग्राफी, आणि मग कदाचित सहा महिने रोज औषध."

"बाळ अंगावर पितंय," मी म्हणाले.

"मग औषध बघून द्यावं लागेल. वेळ पडली तर दूध सोडवावं लागेल."

शरयू तेव्हा चौदा महिन्यांची, मांडीवर माझा पदर चघळत बसलेली. ते शेवटचं वाक्य ऐकून मी तिला पदरासकट घट्ट धरलं. पाणी, वेळ, अभ्यास, सगळं मागे पडलं. डोक्यात एकच राहिलं: जागा धरून बसतात. मला ते चांगले जंतू अगदी दिसायला लागले. एस.टी. स्टँडात शिरायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणारे. माझ्या गाडीत मात्र रुमाल टाकायला कुणी उरलंच नव्हतं.

घरी येताना बसमध्ये माझ्यातलं सेकंड क्लास सूक्ष्मजीवशास्त्र जागं झालं. एका कॅप्सूलमध्ये जंतू काही कोटी. ती नुसती गिळली तर तेवढेच. पण दुधात फोडून टाकली तर सकाळपर्यंत त्या कोटींचे किती कोटी? मग मॅडमनी लिहून दिलेल्या रोजच्या कॅप्सूल गिळण्याऐवजी मी त्यातली एक रोज रात्री कोमट दुधात फोडायला लागले. (हे मॅडमना आजतागायत माहीत नाही. त्या मराठी कथा वाचत नसाव्यात अशी आशा आहे.) पाकीट तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवलं.

दही असं लागलं म्हणता. सुरीनं कापावं असं. सासूबाईंनी बोट लावून चाखलं. "तृप्ती, आजचं दही लई बराबर लागलंय गं."

"थोडं सायन्स आहे त्यात, आई," मी म्हणाले. आठ महिन्यांत पहिल्यांदा माझी मान वर झाली.

आठवड्याभरात गल्लीतून विरजण मागायला वाट्या यायला लागल्या. शेजारच्या साळूमावशी, पलीकडच्या गल्लीतल्या सत्यशीला वहिनी, सगळ्या. 'तृप्तीचं विरजण' असं त्याचं नावच पडलं. मी ते वाटीत घालताना डोळे जमिनीवर ठेवायची, विनयानं. शरयूसाठी दही फडक्यात बांधून चक्का करायची आणि खाली निथळलेलं पिवळसर पाणी अनशापोटी पिऊन टाकायची. राहिलेलं पाणी लॅबच्या निर्जंतुक बाटलीत भरून फ्रिजच्या दारात ठेवायची. लॅबमधून कल्चरसाठी एकच बाटली मिळते, मी दोन मागून आणल्या होत्या. एक पडली तर म्हणून. (माझा स्वभावच तसा आहे. शरयूच्या बारशाला मी पाळण्याचे दोर दुहेरी बांधले होते.) सासूबाईंना सांगून ठेवलं होतं, "आई, त्या बाटलीत अर्क आहे. चमचाभर टाकला तरी दही लागतं."

आता ज्यांना पुढचं दिसायला लागलं असेल त्यांनी कृपा करून एकट्यानंच हसावं.

कल्चरचा दिवस उजाडला. पहाटेचा नमुना घेतला. लॅबवाल्यानं बजावलं होतं, लगेच आणता आलं नाही तर फ्रिजमध्ये ठेवा, बाटलीवर नाव लिहा. तीर्थपुरीतही नमुने घेणारा आहे, पण तो मामंजींच्या भजनातला. म्हणून नमुना अंबडला जाणार होता, बद्रीनाथबरोबर. ते तिथल्या ज्युनियर कॉलेजात क्लार्क आहेत. 'लॅबला एक बाटली द्यायचीय' एवढंच त्यांना आदल्या रात्री दिवा मालवल्यावर सांगितलं होतं. नाव मी लिहिलं नाही. अशा गोष्टीवर कुणी आपलं नाव घालतं का? बाटली फ्रिजच्या दारात लोणच्याच्या बरणीमागे सरकवली.

साडेनऊला बद्रीनाथ डबा घ्यायला स्वयंपाकघरात आले. सासूबाई तिथेच लसूण सोलत बसलेल्या.

"कोणती बाटली न्यायची म्हणलीस?"

मी डोळ्यांनी खुणावलं. डोळ्यांची खूण कळणारा नवरा मला मिळाला असता तर ओवा चावावा लागला नसता.

"अगं कोणती?"

"ती पिवळी," मी तव्याकडे बघत म्हणाले.

"कसली बाटली रे?" सासूबाई.

"कॉलेजची आहे," मी म्हणाले. क्लार्कच्या कॉलेजात फ्रिजमधल्या पिवळ्या बाटलीचं काय काम, हे सासूबाईंनी विचारलं नाही. बद्रीनाथनी फ्रिज उघडला, पुढे दिसली ती पिवळी बाटली पिशवीत टाकली आणि गेले. मी तव्यावरची भाकरी करपवली आणि सुटकेचा श्वास टाकला.

संध्याकाळी मी मधल्या खोलीत शरयूला पाजत पडले होते. बाहेर साळूमावशींचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातवाचं जावळ होतं, साठ-सत्तर माणसांचं जेवण, आणि मठ्ठ्यासाठी वीस लिटर दूध लावायचं होतं. दिवेलागण झाल्यावर आमच्याकडे विरजण घराबाहेर देत नाहीत, म्हणून मावशींची घाई आणि सासूबाईंची त्याहून जास्त. फ्रिज उघडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. मी अर्धवट झोपेत मनाशी म्हणाले, चला, जावळाचा मठ्ठाही आपल्याच विरजणाचा. (हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.)

साडेसातला बद्रीनाथ आले. कल्चरला तीन दिवस लागणार होते, पण साध्या तपासणीचा कागद लगेच मिळाला होता. तो माझ्या हातात देताना त्यांचा चेहरा उतरलेला.

"लॅबवाला म्हणाला, डॉक्टरला जल्दी दाखवा."

कागदावर लिहिलं होतं: प्रथिनं, चार अधिक. म्हणजे मूत्रपिंडं गेली. आरशात बघितलं तर चेहरा सुजलेला. (तो मुळातच तसा आहे, पण त्या वेळी आठवलं नाही.) शरयूकडे बघितलं आणि रडूच फुटलं. एकोणतिसाव्या वर्षी मी चालले, पोरीनं अजून आईच्या हातची सरळ भाकरी खाल्लेली नाही. मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "असं कसं होईल? अजून काय लिहिलंय, वाचा."

मी हुंदके देत वाचलं. "रंग फिकट हिरवट-पिवळा. आम्लता भरपूर. आणि... चरबीचे थेंब दिसतात."

"चरबी?" मॅडम म्हणाल्या. "नक्की तुमचाच नमुना आहे?"

प्रथिनं, आम्ल, चरबी. एवढ्यावर कुठल्याही म्हशीनं ओळखलं असतं, मी तर बी.एस्सी. होते. तो नमुना दह्याच्या पाण्याचा होता.

मी जगणार होते. हा आनंद मला जेमतेम तीन सेकंद मिळाला. मग मी फोन तसाच ठेवून फ्रिजकडे धावले. लोणच्याच्या बरणीमागे काही नव्हतं.

"आई, इथली बाटली?"

"साळूबाईला दिली की. अर्क म्हणून सगळीच दिली, वीस लिटर दूध हाय तिचं. का गं?"

मी चप्पल न घालता निघाले.

साळूमावशींच्या अंगणात पाहुण्या बायका कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. मावशींची नणंद दैवशाला पिंपळगाव रेणुकाईहून आलेली, ती मध्यभागी. ओट्यावर भलंमोठं पातेलं, त्यावर पांढरं फडकं बांधलेलं. फडकं बांधलं म्हणजे विरजण लागलं.

"मावशी," मी धापा टाकत म्हणाले, "ते विरजण लावू नका."

"का गं माय?"

इतक्या बायकांपुढे काय सांगणार? "खराब झालंय."

"खराब म्हंजी, आंबलं?" दैवशालाबाई म्हणाल्या. "विरजण आंबणार न्हाई तर काय पिकणार व्हय?"

"तसं नाही. त्याची तारीख संपली."

"विरजणाला तारीख असती का? कोर्टात चालून राह्यलंय का ते?"

सगळ्या हसल्या. मी साळूमावशींच्या कानाशी लागायला गेले, पण त्यांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं आणि नेमका तोच माझ्या बाजूला होता.

"मोठ्यानं बोल, काही कळून न्हाई राह्यलं."

"ते विरजण नाहीच मावशी. ते माझं आहे."

"तुझंच तर मागितलं. तुझ्याच विरजणाचं नाव हाय गल्लीत."

"माझं म्हणजे," मी म्हणाले, आणि आवाज माझ्या परवानगीशिवाय मोठा निघाला, "माझ्या अंगातलं. तपासायला दिलेलं. लघवी आहे ती."

कोथिंबीर निवडायचे हात थांबले. समोरच्या ओट्यावर तंबाखू मळणारा हातही थांबला. मला वाटलं, तुळशीवृंदावनात जागा असती तर मी त्यात मावले असते.

साळूमावशी शांतपणे उठल्या, कोनाड्यात हात घातला आणि बाटली काढून माझ्या हातात दिली. झाकण जसंच्या तसं, घट्ट लावलेलं.

"बावीस वर्षं सरकारी दवाखान्यात आया होते मी," त्या म्हणाल्या. "अशा बाटल्यांचे किती ट्रे उचलले असतील? हातात घेतली तवाच वळखली. तुझ्या सासूला बोलले न्हाई, म्हणलं दिवेलागणीची वेळ, उगं तिचं तोंड उतरंल. मला वाटलं तिचीच शुगर तपासायची असंल."

"मग हे दूध?"

"सत्यशीलाकडून आणलं विरजण. तुझंच हाय, परवा तिनं तुझ्या घरून नेल्तं."

मी बाटली पदराखाली घेऊन खाली बसले. दैवशालाबाईंनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "कशानं तपासलं गं? जळजळ होती का?"

मी मान हलवली.

"मला दर कापूस वेचणीला होती. रानात आडोसा न्हाई, दिवसभर बसायचं कुठं? मंग पाणीच प्यायचं न्हाई."

"मलाबी होती," कोपऱ्यातून एक जण म्हणाली. "मी तर कुणाला सांगितलंच न्हाई."

"आता सांगितलंस की," तिची जाऊ म्हणाली, आणि हसता हसता तिनंही मान हलवली, की तिलाही होती. पाच मिनिटांत अंगणात नऊ बायका होत्या आणि त्यातल्या सहा आजारी. मग मला विचारणा सुरू झाली, दह्याचे जंतू खरंच गुण देतात का. मी मॅडमची वाक्यं, त्या दिवशी न ऐकलेलीसुद्धा, आठवून आठवून सांगितली: अजून पक्कं ठरलेलं नाही, दही खायला हरकत नाही, पण पाणी प्यायचं, अडवून धरायचं नाही आणि जळजळ झाली की डॉक्टरला दाखवायचं. एकीनं दही खायचं की लावायचं असं विचारलं, तेव्हा मी तिचे हात धरून सांगितलं की फक्त खायचं.

एवढ्यात शरयूला काखेत घेऊन सासूबाई आल्या. त्यांनी दारातूनच सगळं ऐकलं असावं, कारण चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"आई, मला सांगायला हवं होतं," मी खाली मान घालून म्हणाले.

"मला ठाऊक होतं की. डाळीच्या डब्यात गोळ्यांचं पाकीट सापडलं. बबलूच्या मेडिकलवर घेऊन गेले, म्हणलं ही गोळी कशाची. त्यानं सांगितलं."

"एकटाच होता ना तो?"

"आठवडी बाजार होता त्या दिवशी," सासूबाई म्हणाल्या.

म्हणजे मी महिनाभर जे झाकून ठेवलं होतं, ते आसपासच्या चार गावांत पोचलं होतं. तरीही एक मोठेपणा माझ्याकडे उरला होता आणि मी तो घट्ट धरला. "पण आई, कॅप्सूलनं दही मात्र चांगलं लागलं."

सासूबाई साळूमावशींकडे बघायला लागल्या. साळूमावशी पातेल्याकडे.

"सांगू का आता?" सासूबाई म्हणाल्या. "पहिल्या रात्री तू पोरीला निजवायला गेली. मी झाकण काढून बघितलं तर दुधात कसलं पांढरं पीठ पोहत होतं. म्हणलं ह्यानं काय दही लागून राह्यलंय? लेकरू हिरमुसंल. मंग माझ्या गाडग्यातलं चमचाभर विरजण घातलं. मंग रोजच घालत गेले."

"रोज?"

"रोज. तू सायन्स म्हणायची, मी गप बसायची."

दुसऱ्या दिवशी ताजा नमुना साळूमावशी स्वतः गावातल्याच नमुने घेणाऱ्याकडे घेऊन गेल्या, भर बाजारातून, बाटली हातात उंच धरून. (पिशवीत सांडते म्हणे.) त्यावर त्यांनी माझं नाव ठसठशीत लिहून घेतलं होतं. जावळाच्या पंगतीत मठ्ठ्याची तारीफ झाली आणि सासूबाई-साळूमावशी दोघींनी 'तृप्तीचं विरजण' म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं, तेव्हा मी पानात तोंड घातलं. सासूबाईंनी मामंजींची खाट अंगणातून उचलून ओसरीत नेली. का, ते त्यांना सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. चौथ्या दिवशी माझ्या नमुन्याचा अहवाल आला: जंतूंची वाढ नाही. मॅडम म्हणाल्या, गोळ्यांनी काम केलं, आता पाणी पीत राहा. शरयू अजून पिते, आणि हल्ली चावते.

हे सगळं इथंच मिटलं असतं. पण अंबडच्या लॅबनं ती पहिली बाटलीही कल्चरला लावली होती. तिचा अहवाल बद्रीनाथ त्याच सायंकाळी घेऊन आले आणि सासूबाईंनी तो मोठ्यानं वाचायला लावला.

रुग्णाचं नाव: सौ. तृप्ती बद्रीनाथ. जंतूंची प्रचंड वाढ. नमुना अत्यंत दूषित. रुग्णास वैयक्तिक स्वच्छता समजावून सांगावी.

"एवढे जंतू कुणाचे गं?" सासूबाईंनी विचारलं.

त्यांचेच होते. त्यांच्या गाडग्यातले, पिढ्यानपिढ्या जपलेले. महिनाभर त्यांना माझं नाव लावून मी गल्लीभर मिरवले होते. लॅबनंही तेवढंच केलं. कागद सध्या फ्रिजच्या दारावर आहे, बद्रीनाथनं चिकटवलाय, आणि विरजण मागायला येणारी प्रत्येक बाई तो आधी वाचते, मग वाटी सासूबाईंच्या हातात देते.